माती वळणारे सर

सर माती खायचे.

हे मी शब्दशः सांगते आहे. नमुन्याची पिशवी उघडली की आधी चिमूटभर माती ते जिभेवर ठेवायचे, पुढच्या दातांत हळूच घासायचे, डोळे मिटून क्षणभर थांबायचे आणि खिडकीबाहेर थुंकून म्हणायचे, "कचकच आहे. गाळ दिसतो." किंवा, "लोण्यासारखी आहे. चिकणमाती." मग चूळ भरून चहाचा घोट. बाहेरून आलेला एखादा इंजिनीअर हे पहिल्यांदा पाहायचा तेव्हा त्याच्या हातातला कप हातातच राहायचा. आमचे हेडक्लार्क तर सगळीकडं सांगत फिरायचे, की बाकीचे अधिकारी नोकरीत एखाद्या वेळी माती खातात, आमचे साहेब रोज खातात.

औरंगाबादेत छावणीच्या बाजूला एका जुन्या दगडी इमारतीत आमची माती तपासायची सरकारी प्रयोगशाळा होती. रस्ता, पूल, पाण्याची टाकी, काहीही बांधायचं झालं की तिथली माती पिशव्यांतून आमच्याकडं यायची. सर तिथले प्रमुख होते. मी डिप्लोमा करून कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, तेव्हा वाळूजकडं कारखाने नुकते यायला लागले होते. माझं माहेर त्याच बाजूच्या एका खेड्यात. त्या इमारतीत काम करणारी मी पहिली बाई. माझ्यासाठी वेगळी खुर्ची आणावी की नको, यावर म्हणे आधी आठवडाभर चर्चा झाली होती.

पहिल्या दिवशी सरांनी माझी सर्टिफिकेटं बाजूला ठेवली आणि म्हणाले, "हात दाखवा."

मी दाखवले. त्यांनी लांबूनच पाहिले.

"घाम येतो का हाताला?"

"नाही सर."

"घरी शेवया वळल्यात?"

मला राग आला. बाई आहे म्हणून हा माणूस मला शेवया विचारतो आहे असं वाटलं. म्हटलं, "वळल्यात. पण मला डिप्लोमाला फर्स्ट क्लास आहे सर."

"ते कागदावर दिसलं मला," ते शांतपणे म्हणाले. "कागदावर हात दिसत नाहीत."

दुपारपर्यंत त्या प्रश्नाचा अर्थ कळला. काचेच्या जाड तुकड्यावर ओल्या मातीचा गोळा ठेवायचा आणि तळव्याखाली मागं-पुढं करत तिची वळी करायची. वळी तीन मिलिमीटर जाडीची झाली की ती मोडायची, पुन्हा गोळा करायचा, पुन्हा वळायची. दर वेळी हाताच्या उबेनं मातीतलं पाणी थोडं थोडं कमी होत जातं. शेवटी एक वेळ अशी येते, की बरोबर तीन मिलिमीटरला वळीला भेगा पडतात आणि तिचे तुकडे होतात. त्या क्षणी मातीत जेवढं पाणी असतं, ती तिची एक हद्द. त्याच्याखाली माती वळत नाही. सरांच्या खिशात पेनाशेजारी तीन मिलिमीटरची पितळी सळई असायची. वळी झाली की ते ती शेजारी ठेवून बघायचे. मी पहिला महिनाभर वळलं ते त्यांनी फेकून दिलं. "जाड आहे." "दाब जास्त दिला." "लवकर तुटली म्हणून खूश होऊ नका, तुम्ही ती तोडलीत." बाहेरचे लोक त्यांना पाठीमागं 'शेवयावाले' म्हणत. त्यांना ते माहीत होतं. त्यांना त्याचं काही वाटत नसे.

दुसरी हद्द काढायला एक पितळी वाटी होती. मातीचा लगदा तिच्यात भरायचा, मधोमध पात्यानं एक चीर पाडायची आणि दांडा फिरवायचा. दांड्याच्या प्रत्येक फेऱ्याला वाटी उचलली जाऊन ठक्कन खाली आपटायची. पंचविसाव्या ठोक्याला चीर मिटली, की ते पाणी म्हणजे माती पातळ होण्याची हद्द. हे ठोके सर उर्दूत मोजायचे. त्यांची शाळा निजामाच्या राज्यात उर्दूत झाली होती. मॅट्रिकच्या वर्गात असताना पोलीस ॲक्शन झाली, राज्य बदललं, पुढं सगळा कारभार मराठीत आला. पण आकडे त्यांच्या डोक्यात उर्दूतच राहिले. "इक्कीस, बाईस, तेईस..." असं चाललं असताना खोलीत कुणी बोलायचं नाही. एकदा मुंबईहून आलेले बडे साहेब दारात उभे राहिले. सरांनी डाव्या हातानं 'सबर करा' अशी खूण केली आणि उजव्या हातानं दांडा फिरवत राहिले. ते साहेब थांबले. मग सरांनी उठून नमस्कार केला, खुर्ची दिली, आणि पंचविसाचे सव्वीस झाले म्हणून तोच लगदा पुन्हा भरायला घेतला.

या दोन हद्दींत त्यांचा इतका जीव का, हे त्यांनी मला एकदा एका वाक्यात सांगितलं होतं. "माती गोदाकाठची काळी असो की खुलताबादच्या घाटातली पिवळी, पातळ व्हायच्या हद्दीला आली की सगळ्यांची ताकद जवळपास सारखीच, म्हणजे काहीच नाही. वळी तुटायच्या हद्दीला ती त्याच्या शंभर पट. आता जमिनीतलं खरं पाणी या दोन्हींच्या मध्ये कुठं बसतं, तेवढं काढा. माती तुमचं किती वजन सोसेल ते तुम्हाला एक वाटी, एक काच आणि एक ओव्हन सांगतो. यापेक्षा स्वस्त काय पाहिजे?"

मी भारावून म्हणाले, "माणसाचंही असंच असतं नाही सर?"

ते वैतागले. "माणसाचं मला माहीत नाही. मातीचं बोलतोय. माती ही माती आहे, बाई. तिच्यातून काही शिकवण काढू नका, नमुना खराब होतो."

त्यांचं आवडतं वाक्य एकच. "अंदाज करा, पण अंदाजानं करू नका." नव्या माणसाला ते दिवसातून तीनदा ऐकायला मिळायचं.

पुंडलिकनगरला त्यांनी प्लॉट घेतला होता. काळी जमीन. उन्हाळ्यात एवढाल्या भेगा पडायच्या की रुपया टाकला तर दिसू नये, आणि पावसाळ्यात फुगून वर यायची. सरांनी प्लॉटच्या चार कोपऱ्यांत खड्डे घेतले, खुंट्या ठोकल्या आणि जमीन किती वर-खाली होते ते मोजायला सुरुवात केली. एक उन्हाळा गेला, दुसरा गेला. त्यांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकू एकदा मला म्हणाल्या, "आमचं भूमिपूजन झालं तेव्हा मुलगी चौथीत होती. वास्तुशांत झाली तेव्हा ती दहावीला बसलेली. बाकीच्यांच्या घरात सुना आल्या तोवर." मग जरा पुढं वाकून, नवऱ्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "पण सगळ्या गल्लीत बघून ये. आमच्याच भिंतीला तडा नाही."

आमच्याकडं ताकद मोजायची एक मोठी मशीनही आली होती. हार घालून, नारळ फोडून बसवलेली. तिला मात्र जमिनीतून अलगद काढलेला, न हललेला अख्खा नमुना लागायचा, आणि साइटवरून आमच्याकडं यायचा तो जीपमध्ये हादरून वाळलेला चुरा. सरांनी घरून एक फुलाफुलांची चादर आणून मशीनवर घातली. धूळ बसू नये म्हणून. लोकांना वाटायचं त्यांचा तिच्यावर राग आहे. तसं नव्हतं. "ती खरं बोलते," ते म्हणायचे, "पण तिच्या तोंडात घालण्याजोगं काही आणा तरी."

आता एका चराची गोष्ट सांगते.

माझा मोठा भाऊ, आमचा दादा, तेव्हा मुकादम होता. वाळूजकडं कारखान्यांसाठी पाण्याची पाइपलाइन टाकायचं काम निघालं होतं. आमच्याच गावातली पंचवीस-तीस माणसं घेऊन दादा चर खोदत होता. एका रविवारी मी गावी गेले. जेवताना तो सहज बोलून गेला, "नाल्यापाशी खालून ओल लागलीया. बारा फुटावं गेलोय आता. वरची कड मातर भिंतीवानी उभी हाय."

माझा घास थांबला. सोमवारी सरांना सांगितलं. ते म्हणाले, "तळाची माती मागवा. झाकणाच्या डब्यात."

मंगळवारी सकाळी दहाला दादा स्वतः आला. डालड्याच्या डब्यात माती, वर घट्ट झाकण, झाकणावर ओलं फडकं. सर इतके खूश झाले की त्यांनी दादाला आपली खुर्ची दिली. "इंजिनीअर लोकांना हे सुचत नाही," म्हणाले. चिमूट जिभेवर ठेवली. थुंकले. चेहरा बदलला.

"किती वेळ लागंल साहेब?" दादानं विचारलं.

"उद्या दहा वाजता या. माती ओव्हनमध्ये चोवीस तास वाळवावी लागते. त्याशिवाय पाणी कळत नाही."

"उद्या? आन् आज काय करू? माणसं खाली उतरल्यात की."

सर माझ्याकडं वळले. "स्पिरिट काढा."

घाईच्या वेळी वापरायची ती रीत होती. वजन केलेल्या ओल्या मातीवर स्पिरिट ओतायचं, ढवळायचं आणि पेटवायचं. निळी ज्योत विझली की पुन्हा ओतायचं, पुन्हा पेटवायचं. निदान तीनदा. वजन उतरायचं थांबलं, म्हणजे पाणी संपलं. वळी आणि वाटी सरांनी स्वतः घेतली, जाळायचं काम मला दिलं. मी एकदा पेटवलं, दुसऱ्यांदा पेटवलं. दादा दारात उभा राहून एकदा माझ्याकडं, एकदा घड्याळाकडं बघत होता. दुसऱ्या ज्योतीनंतर मी वजन केलं आणि आकडा सांगून टाकला.

"छप्पन्न."

सरांनी कागदावर गणित केलं. वळी तुटायची हद्द बत्तीस, पातळ व्हायची बहात्तर, जमिनीतलं पाणी छप्पन्न. अर्ध्याच्या पुढं, पातळ व्हायच्या बाजूला. त्यांनी पेन खिशाला लावलं आणि दादाला म्हणाले, "या मातीची उभी कड आठ फुटांच्या पुढं धरत नाही. तुम्ही बारावर आहात. चला."

जीप नव्हती. आम्ही तिघं कामगारांच्या बसनं गेलो. सर बारा फूट चरात शिडीनं उतरले, मी वरून ओरडत असताना. मूठभर माती घेऊन वर आले आणि ती दादाच्या हातात दिली.

"वळा."

दादानं तळव्यांत धरून वळली. ती सुतळीएवढी झाली, दोऱ्याएवढी झाली, तरी तुटेना. शेवटी त्याच्या हाताला लिंपून बसली.

"घरी शेवयांचं पीठ असं झालं तर आई काय म्हणते?"

"म्हणती, पानी लई झालं. आता ह्याचं काय व्हत नाय."

"ही सगळी कड त्याच्यावर उभी आहे. वरची चार-पाच फूट वाळून घट्ट झालीय, म्हणून भिंतीसारखी दिसते."

दादा हाताकडं बघत राहिला. मग चराच्या काठावर जाऊन त्यानं जी हाक मारली, ती मला अजून ऐकू येते. सगळी माणसं पाच मिनिटांत वर होती.

कामाचा ठेका घेतलेला गुत्तेदार बुलेटवरून आला. "साहेब, चार दिवस झाले कड उभी आहे. काही झालं का?"

"नाही झालं."

"मग पडणार आहे हे तुम्हाला माहीत आहे?"

"नाही. उभी राहील हे तुम्हाला माहीत आहे?"

गुत्तेदारानं काम बंदचा हुकूम लेखी मागितला. सरांनी त्याच्याच बुलेटच्या सीटवर कागद ठेवून चार ओळी लिहिल्या. त्यांचं मराठी अक्षर दुसरीतल्या पोरासारखं होतं. खाली दस्तखत मात्र उर्दूत, झोकदार.

काम थांबलं. चर पडला नाही. दुसऱ्या दिवशीही पडला नाही. गावातल्या माणसांचे दोन दिवस खाडे झाले आणि दादानं माझ्याशी बोलणं टाकलं. गुत्तेदारानं वर तक्रार केली. तिसऱ्या दिवशी वरच्या साहेबांनी मधला मार्ग काढला: चराला दोन्ही बाजूंनी फळ्या आणि बल्ल्यांचा आधार द्यायचा, काम सुरू करायचं, आणि त्याच थरातला अख्खा नमुना नळीत काढून मोठ्या मशीनवर तपासायचा. नमुना काढायला सर स्वतः गेले आणि नळी मांडीवर घेऊन परत आले. आधार लागला. पाइप बसला. माती परत ढकलली. शेवटपर्यंत काहीही कोसळलं नाही. गुत्तेदार जिथं भेटेल तिथं सांगायचा, "शेवयावाल्यांनी माझे दोन दिवस खाल्ले."

तीन आठवड्यांनी मशीनचा निकाल आला. सरांचं म्हणणं खरं ठरलं होतं. नुसतं खरं नाही, माती त्यांनी सांगितली त्याहून कमजोर होती. उभी कड सहा फुटांच्या पुढं धरणार नव्हती. ऑफिसात आनंदीआनंद झाला. हेडक्लार्कनी पेढे मागवले. मी पेढा घेऊन सरांच्या खोलीत गेले.

ते निकालाचा कागद समोर ठेवून बसले होते. चेहरा उतरलेला.

"सर, तुम्ही बरोबर होतात."

"मी आठ सांगितले होते," ते म्हणाले. "सहा आहेत."

"पण सर, बारा तर नव्हतेच ना!"

"सातव्या फुटावर काम चाललं असतं तर? दादांनी मला विचारलं असतं, थांबू का? मी काय म्हटलं असतं? खुशाल करा. माझ्या दस्तखतीनं ती माणसं खाली राहिली असती." त्यांनी कागद माझ्याकडं सरकवला. "डब्यात शिल्लक माती होती. मी काल ओव्हनमध्ये वाळवली. पाणी छप्पन्न नाही. एकसष्ट आहे."

माझ्या हातातला पेढा मी टेबलावर ठेवला. एकदम सगळं डोळ्यांसमोर आलं. दारातला दादा, घड्याळ, दुसरी ज्योत.

"सर, मी तिसऱ्यांदा पेटवलं नाही. दोनदाच जाळलं. थोडं पाणी मातीत राहिलं आणि मी आकडा सांगितला. चूक माझी आहे."

"माहीत आहे. मी बघत होतो."

मी समोरच्या खुर्चीवर बसले.

"तुम्ही दोनदा पेटवलंत, मी मोजलं. तोंडाशी आलं होतं, की अजून एकदा. आलेलं गिळलं. घाई मलाही झाली होती." ते उठून खिडकीपाशी गेले. "तुमचा सख्खा भाऊ दारात उभा होता. तुमचं मी समजू शकतो. मला कसली घाई होती? मला सगळ्यांच्या आधी बरोबर ठरायचं होतं. या वेळी बाकी मी खरीच माती खाल्ली."

पेढा त्यांनी खाल्ला नाही. पुढचा महिनाभर मात्र एक वेगळाच उद्योग केला. सर प्रत्येक नमुन्याची उरलेली माती डब्यांत चिठ्ठी लावून ठेवायचे. ज्या ज्या कामाचा निकाल स्पिरिट जाळून दिला होता, त्या सगळ्यांचे डबे त्यांनी काढले. झाकणं घट्ट होती त्यांची माती पुन्हा तपासली, बाकीच्यांना ताजी माती मागवली. मी सोबत होते. हातांची सालं निघाली. जिथं जिथं फरक निघाला तिथं त्यांनी पत्रं पाठवली: आम्ही कळवलेली ताकद जास्त होती, कृपया दुरुस्ती करावी. कुणीही विचारलं नसताना. हेडक्लार्क हादरले. "साहेब, सरकारी ऑफिस आपली चूक स्वतः कळवत नसतं!" सर म्हणाले, "मग पत्रावर ऑफिसचं नाव नको. माझं घाला." एका ठिकाणी टाकीचा पाया त्या पत्रामुळं दोन फूट खाली नेला गेला. बाकी ठिकाणांहून उत्तरही आलं नाही.

सगळी पत्रं गेल्यावर एका रविवारी ते मला म्हणाले, "तुमच्या गावी यायचंय. दादांना भेटायचंय."

"सर, मी निरोप देते ना."

"निरोप नको."

आम्ही गेलो तेव्हा दादा ओट्यावर बसून फावड्याला दांडा बसवत होता. माझ्याशी त्याचं बोलणं तेव्हाही बंदच होतं. सरांना बघून तो उठला, घोंगडी अंथरली, पाणी मागवलं. सरांनी पाणी प्यायच्या आधीच सांगून टाकलं. आठ सांगितले, सहा होते. माती पुरती वाळवली नाही. चूक आमच्याकडं झाली, आणि ती मी डोळ्यांनी बघून होऊ दिली. माझं नाव त्यांनी घेतलं नाही. मी तोंड उघडणार तोच त्यांनी हातानं थांबवलं.

दादाला आधी काही उमजेना. "पर साहेब, आमी तर वर आलो व्हतो. कुनाला काय झालं नाय."

"सात फुटांवर असतात तर मी तुम्हाला वर बोलावलं नसतं. हे तुम्हाला माहीत पाहिजे म्हणून आलो."

दादानं फावडं भिंतीला टेकवलं. आईनं चहा आणला, तो गार झाला. मग दादा माझ्याकडं वळला. दोन महिन्यांत पहिल्यांदा.

"हे येवढं सांगाया आले व्हय गं हे? बसनं?"

"व्हय दादा."

त्यानं मान हलवली. सरांच्या जवळ सरकून बसला. "साहेब, खुलताबादच्या रस्त्याला नवीन काम घेतलंय. टाकीचा खड्डा हाय, लई खोल. गुत्तेदार म्हंतो, परवापासून उतरा. माती कशी हाय, मला काय कळंना. तुमी बघताव का आधी?"

"बघतो. पण या वेळी ओव्हनमध्ये वाळवणार. चोवीस तास. मध्ये कुणी घाई करायची नाही."

"दोन दिस लागू द्या," दादा म्हणाला. "मी सांगतो मानसान्ला."